रव्याच्या केकचा निकाल

म्यानमारमधल्या प्याय गावात वॉर्डातर्फे पारंपरिक गोडधोडाची स्पर्धा भरली आणि परीक्षक म्हणून निवृत्त हेडमास्तर ऊ बो टिन यांना बोलावणं आलं. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत त्यांना कुणी कशासाठीही विचारलं नव्हतं. त्यांनी रेशमी लुंगी इस्त्री केली, सकाळची मोहिंगाची, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवयांची, वाटी सोडली आणि रिकाम्या पोटी मांडवात हजर झाले.

सतरा ताटं होती. गुरुजींनी सचोटीने खाल्लं. पोटात गूळ दडवलेल्या तांदळाच्या गोळ्या खाल्ल्या, नारळाचा हलवा खाल्ला, आणि दात धरून बसला म्हणून केळीच्या पानातल्या चिकट भाताचे दोन गुण कापले. सतरावं ताट टपरीवाल्या दो म्या यिन यांचं. रव्याचा केक, वर खसखस, कडा निखाऱ्यावर जराशा करपलेल्या. गुरुजींनी डोळे मिटले आणि दहापैकी दहा दिले. शाळेत कुणाला त्यांनी आठाच्या वर जाऊ दिलं नव्हतं.

तेवढ्यात वॉर्डाचे अध्यक्ष ऊ क्याव ल्विन प्रमाणपत्र घेऊन आले.

"गुरुजी, इथं सही ठोका."

पहिल्या क्रमांकाचं नाव आधीच छापलेलं होतं: मा थूझा, म्हणजे अध्यक्षांची मेहुणी.

"यांचा पदार्थ कुठाय?"

"येतोय. सायकलरिक्षात आहे."

"चाखल्याशिवाय सही कशी करू?"

"सही काय तोंडाने करता?"

पदार्थ आला. रव्याचा केक. गुरुजींनी घास घेतला. तीच खसखस, तीच करपलेली कड.

"अहो, हा तर या बाईंचा केक!"

"मग दहापैकी दहाच ना? तुमच्याच मार्कांनी पहिला आला. आता भांडण कशाचं?"

गुरुजी दो म्या यिनकडे वळले. "ताई, तुम्ही तरी बोला!"

"काय बोलू, गुरुजी? काल थूझाच अख्खा ट्रे घेऊन गेली. नारळाचं दूध किती घालतेस, तेही विचारलंन. भाषणात सांगायला लागेल म्हणाली."

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. अध्यक्षांनी अजिबात वाईट वाटून न घेता 'परीक्षक' या शब्दावर स्वतःच सही केली. मा थूझा स्टेजवर आजीच्या पाककृतीबद्दल बोलली, नारळाच्या दुधाचं मापही तिने सांगितलं. टाळ्या पडल्या.

गुरुजी दो म्या यिनच्या शेजारच्या बुटक्या स्टुलावर बसले.

"आणखी एक तुकडा द्या."

"आता कसले मार्क देताय?"

"मार्क संपले, ताई. आता नुसतं खातो."

तिने मुद्दाम कडेचा तुकडा कापला.