गौरेशबाबांच्या पोटावरचा पांढरा एप्रन

मी कोकराच्या कातड्याचा एक पांढरा एप्रन आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, त्याच्या नशिबी निदान हळदीचे डाग तरी असतात. मी फ्रीमेसन नावाच्या बंधुमंडळाचा. जुन्या काळच्या गवंड्यांची परंपरा सांगणारी ही माणसं मला कमरेला बांधून बसतात. त्यांच्यातल्या एकानेही कधी चिरा उचललेला मी पाहिला नाही.

माझे मालक डिचोलीचे गौरेशबाब. खाणीवर त्यांचे ट्रक चालायचे. पणजीच्या मंडळात ते आधी साधे सभासद होते, पुढे अध्यक्ष झाले. त्या दिवशी घरी आरशासमोर मला तीन वेळा बांधून तीन वेळा सोडलं. पोट आत घेतल्याशिवाय माझी गाठ बसत नव्हती.

त्यांची समाजसेवा मी जवळून पाहिली. नार्वे गावात चष्मे वाटायला गेले, तेव्हा मंडळाबाहेर बांधणं नियमात बसत नसतानाही मला बांधलं, कारण फोटो निघणार होते. सुमंगला नावाच्या म्हातारीला चष्मा घातला. ती म्हणाली, "बाब, ह्यातून माका कायच दिसना."

"फोटो काढीपर्यंत घाल गे," गौरेशबाब हसून म्हणाले.

दर महिन्याला त्यांना पणजीला घेऊन जाणारा ड्रायव्हर म्हणजे तुषार, इब्रामपूरचा. सभा संपेपर्यंत तो बाहेर गाडीपाशी उभा असायचा. वाटेत गौरेशबाब मोठ्याने भाषणाची तालीम करायचे: आमच्यात उच्च-नीच नाही, आत आला तो भाऊ. अकरा वर्षं ऐकून तुषारला ते तोंडपाठ झालं होतं. आणि त्या बापड्याला ते खरं वाटलं.

एकदा येताना त्याने भीत भीत विचारलं, "बाब, माका पण थंय घेतीत काय?"

गौरेशबाब म्हणाले, "कित्याक नाय? तुझा नाव मीच घालतंय."

त्यांनी खरंच नाव घातलं. सभेत असं भाषण केलं की दोघातिघांनी डोळे पुसले. मग मतदान. आमच्याकडे पेटीत गोटी टाकतात. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार, आणि एकही काळी निघाली की माणूस बाद. कोणी कुठली टाकली हे कोणाला कळत नाही.

मला कळलं. गौरेशबाबांनी दोन्ही गोट्या मुठीत घेतल्या आणि मूठ पोटाशी, म्हणजे माझ्यावर धरून उघडली. पांढरी त्यांनी खिशात सोडली. काळी पेटीत गेली. पेटी उघडली तेव्हा तीच एक काळी निघाली.

कारण सोपं आहे. शेजारी बसलेल्या भावाला गाडी काढायला सांगता येत नाही.

खाली गाडीपाशी येऊन त्यांनी तुषारच्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांच्या हातातल्या बॅगेत होतो. "कोणीतरी काळी गोटी घातली रे. माझ्या हातात आसता तर..." त्यांचा आवाज कापला. तो हवा तेव्हा कापवणं त्यांना चांगलं जमत होतं.

तुषारने त्यांनाच धीर दिला. "बाब, तुमी मनाक लावन घेव नकात. तुमी माझ्यासाठी इतक्या केल्यात, माका पुरे."

आणि त्याने गाडीचं दार उघडलं.

गौरेशबाब मागच्या वर्षी हृदयविकाराने गेले. शोकसभेत सगळे त्यांच्या बंधुभावावर बोलले. सगळ्यात जास्त रडला तो तुषार. तेराव्यानंतर त्यांच्या पत्नी शालिनीताईंनी मला त्याच्या हातात दिलं. "ह्या तू घेऊन जा. तुझ्यावर त्यांचो जीव आसलो."

आता मी इब्रामपूरला त्याच्या देवांच्या फळीवर असतो. त्याच्या मुलीने, रेश्माने, एकदा विचारलं, "बाबा, ह्या तुमी कधी बांधलास?"

"नाय गे. आमची तितकी लायकी नाय. पण गौरेशबाबांनी आमच्यासाठी जीव तोडून प्रयत्न केल्यानी."

मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कधी त्या बाजूला गेलात तर त्याला खरं सांगा. तो दुखावेल, मला उचलून गोठ्यात फेकील, म्हशीखाली अंथरील. खुशाल अंथरू दे. रोज सकाळी अंघोळ करून तो माझ्यापुढे हात जोडतो, ते मात्र आता मला बघवत नाही.