मामांची कवळी आणि जगाची वीज

कारखान्यात त्यांना तोंडावर सगळे मामा म्हणत आणि पाठीमागे झडतीमामा. गॅस टर्बाइनची जुळणी होते त्या शेडचे ते फोरमन. आता टर्बाइन म्हणजे काय, हे मामींना विचाराल तर त्या सांगतील, "यांच्या डोक्याएवढं तापणारं आणि यांच्या जिभेएवढं फिरणारं यंत्र." अगदीच चूक नाही हो. एका टोकाने हवा ओढायची, मध्ये गॅस जाळायचा आणि त्या झोतावर पात्यांच्या रांगाच्या रांगा गरागरा फिरवून वीज काढायची. धूड बसएवढं, पण नखरे नव्या नवरीचे. आत एखादा नट जरी राहिला, तरी चालू केल्याबरोबर तो पहिलं पातं उडवणार, ते पातं दुसऱ्याला उडवणार आणि बघता बघता आत भंगाराचं दुकान.

म्हणून वरचं झाकण बसण्याआधी झडती. आधी हत्यारांची. भिंतीवर एक मोठा फळा, त्यावर प्रत्येक पान्याची, हातोडीची, टॉर्चची आकृती रंगवलेली. वस्तू जागेवर नसली की तिची रिकामी आकृती लांबूनच बोंब मारायची. मग माणसांची. दाराशी एक ट्रे आणि ट्रेजवळ मामा. "अंगावरून जे सुटतं ते ट्रेमध्ये," हा मामांचा नियम, आणि त्यात त्यांनी कुणाची गय केली नाही. एका नवरदेवाची अंगठी निघेना, तर त्याचा हात साबणाच्या बादलीत कोंबला. खुद्द मामांचा जावई एकदा कारखाना बघायला आला होता. त्याचा पट्टा काढून घेतला, आणि तो बिचारा सासऱ्याचा कारखाना एका हाताने पँट धरून बघत हिंडला.

या नियमातून मामांनी फक्त दोन गोष्टींना सूट दिली होती. एक म्हणजे मोठ्या साहेबांचा केसांचा टोप. तो टोप आहे हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं, आणि ते कुणालाच ठाऊक नाही अशी साहेबांची खात्री होती. दुसरी म्हणजे मामांची स्वतःची वरची कवळी. तिची खबर फक्त मामींना आणि दातांच्या डॉक्टरला. नवी होती, सैल होती, हिरड्यांना काचायची. डॉक्टर म्हणाले होते, "या, घट्ट करून देतो." पण त्या दवाखान्यात नावं लिहायला आता नेमकी स्टोअरकीपरची मेहुणी बसायला लागली होती. तिला कळलं की स्टोअरला कळणार, स्टोअरला कळलं की शेडला. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे खिसे उलटे केले, त्याच्याच तोंडात सुटा माल, म्हणजे शोभाच! त्यापेक्षा हिरड्या सोललेल्या परवडल्या.

आणि शेडपेक्षा मोठी धास्ती व्याह्यांची. मामांच्या मुलीचे सासरे जागतिक ऊर्जा बाजाराचे जाणकार होते. पुढे जगाला किती वीज लागेल, गॅस महागेल की स्वस्त होईल, हे ते सांगत फिरायचे, आणि लोक त्यांना हार घालून ऐकायचे. मामांना या गृहस्थांचा धंदा कधीच पटला नाही. आपला एक नट चुकला तर मशीन जातं, यांचं अख्खं जग चुकलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा हार! ते मनात, पण व्याही म्हटले की मान खाली घालणं आलंच. त्यात लग्नात व्याह्यांनी सगळ्यांसमोर बत्तिशी दाखवत म्हटलं होतं, "आमच्या घराण्यात मरेपर्यंत दात पडत नाहीत." तेव्हा मामांचे सगळे दात जागेवर होते, म्हणून त्यांनीही छातीठोकपणे सांगितलं होतं, "आमच्याही!"

आणि नेमक्या याच व्याह्यांना मोठ्या साहेबांनी कारखान्यात भाषणाला बोलावलं. नवं मशीन तयार झालेलं, झाकण पाहुण्यांसमोर बसवायचं, मग व्याख्यान, मग मशीन ट्रेलरवर चढवून रवाना. असा सगळा थाट.

सकाळी शेडमध्ये मंडळी जमली. प्रत्येकाला हात पुसायला एकेक पांढरं फडकं दिलं. साधं नाही बरं का, धागा न सुटणारं. कारण मशीनमध्ये धागा राहिलेलाही मामांना खपत नसे. मग झडती सुरू झाली. व्याह्यांनी घड्याळ, पेन, अंगठ्या, फडकं सगळं ट्रेमध्ये टाकलं.

"पट्टा?" मामांनी विचारलं.

"पट्टा काढणार नाही," व्याही म्हणाले. "मुलाने सांगितलंय मला सगळं."

"मग पिवळ्या रेघेच्या मागे उभे राहा," मामा म्हणाले. व्याही मुकाट्याने रेघेमागे गेले. मामांना आतून गुदगुल्या झाल्या. मोठे साहेब आले, पेन टाकलं, चष्म्याला दोरी बांधली. मामांनी नेहमीप्रमाणे त्यांच्या डोक्याकडे बघायचं टाळलं. सगळ्यांत शेवटी मामा स्वतः. कवळी सकाळपासून ठणके मारत होती. खांबाआड जाऊन त्यांनी तोंड पुसलं, फडक्याची घडी ट्रेमध्ये टाकली आणि टॉर्च घेऊन मशीनकडे गेले. झाकणाआधी आत शेवटची नजर टाकायचा मान त्यांचा. डोकं आत घातलं आणि कसल्याशा वासाने अशी सणसणीत शिंक आली की पात्यांतून तिचा घुमारा फिरून परत आला. लोक हसले. मामांनी टॉर्च फिरवला, डोकं बाहेर काढलं आणि आरोळी ठोकली, "बंद!" क्रेनने झाकण अलगद खाली आणलं, आणि पोरं बोल्ट आवळायला लागली. मंडळींनी ट्रेमधून आपापलं सामान उचललं.

चहा आला. मामांनी बिस्किट चावलं. म्हणजे चावायला गेले. वर काहीच नव्हतं.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. जीभ वर फिरवली, डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. नुसती हिरडी! आणि मग ती शिंक आठवली. तरीच मघाशी 'बंद' म्हणताना तोंडातून वारा जरा जास्तच गेला. म्हणजे कवळी आत! मशीनच्या पोटात! त्यांनी एक हात तोंडावर धरला आणि दुसऱ्या हाताने कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

"अगं, माझी ती घरी राहिली का?"

"कोण ती?" मामी म्हणाल्या.

"ती गं! वरची!"

"अहो, सकाळी तर घालून गेलात की. माझ्यावर दात ओठ खातच बाहेर पडलात. खिशात बघा."

"खिसे रिकामे आहेत. माझा नियम आहे तो."

"मग नियमालाच विचारा," म्हणून मामींनी फोन ठेवला.

तिकडे खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आणि व्याही व्याख्यानाला उभे राहिले. पडद्यावर एक रेघ कोपऱ्यातून निघून छताकडे चालली होती. "मित्रहो," ते म्हणाले, "जगाला विजेची भूक लागली आहे! एकेका संगणक केंद्राला अख्ख्या गावाएवढी वीज लागते. कोळशाची जुनी केंद्रं थकली. ऊन रात्री नसतं, वाऱ्याचा भरवसा नाही. मग हाक कुणाला मारायची? गॅस टर्बाइनला! म्हणून तर ज्याच्या हाती हे मशीन लागतं तो भाग्यवान. बाकीचे रांगेत उभे आहेत, आणि रांग हलत नाही. अर्थात गॅस महागला तर मागणी घटूही शकते. पण घटली नाही, तर नक्कीच वाढेल!" टाळ्या पडल्या. मामांनी एका हाताने मांडी थोपटली, कारण दुसरा तोंडावर होता.

"आणि हे आपल्यासमोरचं मशीन कुठे जाणार आहे, माहीत आहे?" व्याह्यांनी आवाज चढवला. "एका शहरात. तिथलं इस्पितळ, तिथलं पाणी, तिथल्या शाळेतले दिवे सगळे याच्यावर चालणार. ते शहर याची वाट बघत बसलंय!"

मामांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. शहरभर दिवे लागतात, बँड वाजतो, कुणीतरी बटण दाबतं, आणि आतमध्ये मामांची कवळी पात्यांच्या पहिल्या रांगेला कडकडून चावते. दिवे गुल. सगळं शहर अंधारात. आणि चौकशी समितीच्या हातात एक गुलाबी तुकडा! पण आत्ता तोंड उघडलं तर? शेडसमोर, साहेबांसमोर, व्याह्यांसमोर? उद्यापासून झडतीला उभं कोण राहील मामांच्या? लेकीला सासरी काय काय ऐकून घ्यावं लागेल? बाहेर ट्रेलर येऊन लागल्याचा हॉर्न वाजला. गप्प बसलं, तर संध्याकाळपर्यंत मशीन फाटकाबाहेर. कुणाला कळणारही नाही. म्हणजे मशीन तिथे बसवून चालू करेपर्यंत, वर्षभर तरी.

"आता आभार मानतील आपले मामा," साहेब म्हणाले.

मामा उठले. हात तोंडावर तसाच. लोकांना वाटलं, भरून आलंय. मामांनी एकदा लेकीच्या सासऱ्याकडे बघितलं, एकदा मशीनकडे बघितलं, आणि हात खाली घेतला.

"मशीन उघडा," मामा म्हणाले. सगळं वाऱ्यासारखं बाहेर आलं, पण कळलं सगळ्यांना. "मला वरचे दात नाहीत. कवळी आहे. ती आत पडलीय."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग बांधच फुटला. एक वेल्डर तर खुर्चीवरून खाली घसरला. व्याह्यांचं तोंड उघडंच राहिलं, आणि त्यात त्यांची घराण्याची बत्तिशी लखलखत होती. साहेबांनी कपाळाला हात लावला. मग टोप सरळ केला. "मामा, आधी कॅमेऱ्याने बघू," ते म्हणाले.

बारीक नळीचा कॅमेरा मशीनच्या भोकातून आत सरकवला आणि चित्र व्याख्यानाच्या पडद्यावर लावलं. सगळे माना ताणून बघायला लागले.

"दिसले का दात?" स्टोअरकीपरने विचारलं.

"दिसले का काय विचारता? सगळे दातच आहेत!" कॅमेरावाला वैतागला. खरंच, पात्यांच्या रांगांमागून रांगा, पांढऱ्याशुभ्र, एका ओळीत. अशी बत्तिशी तर व्याह्यांच्या घराण्यातही नव्हती.

"तळ दिसत नाही त्यात," मामा म्हणाले. "उघडाच."

उघडलं. सगळे बोल्ट परत सोडवले, क्रेन परत आली, झाकण परत वर. ट्रेलरवाला शिव्या देत झोपून गेला. मामा स्वतः आत वाकले, टॉर्चने पातं न् पातं बघितलं, तळाशी हात फिरवला. काही नाही. कवळी नाही, कवळीचा तुकडा नाही. "नाहीय," ते बाहेर येऊन म्हणाले, आणि त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं. सुटल्याचा आनंद एकीकडे, आणि फुकट अब्रू गेल्याचं दुःख दुसरीकडे.

शेडमध्ये उकडत होतं. व्याह्यांच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. त्यांनी कोटाच्या खिशातून पांढरं फडकं काढलं, कपाळ पुसायला झटकलं, आणि त्यातून काहीतरी खट्टकन फरशीवर पडून मामांच्या बुटांपर्यंत घसरत आलं.

वरचे दात. गुलाबी हिरडीसकट.

"माझे नाहीत!" व्याही किंचाळले. "हे बघा! हे बघा माझे!" आणि जागतिक ऊर्जा बाजाराचे जाणकार आ वासून एकेका कामगारासमोर जाऊन दात दाखवायला लागले. कुणीतरी तर टॉर्च मारून बघितलंसुद्धा.

मामा मात्र दातांकडे बघत उभे होते. हळूहळू आठवायला लागलं. ठणका. खांब. फडकं. मन कवळी लपवत होतं, पण हात बिचारा जन्मभराच्या सवयीचा! अंगावरून सुटलं, की ट्रेमध्ये. त्याने कवळी काढली, फडक्यात घडी घातली आणि मालकाला न विचारता ट्रेमध्ये ठेवून दिली. फडकी सगळ्यांची सारखी, व्याह्यांनी चुकीची घडी उचलली. म्हणजे नियम मोडला नव्हताच! मामांना एवढं हसू आलं की सगळ्यांसमोर, बोळक्या तोंडाने, पोट धरधरून हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

मशीन दुसऱ्या दिवशी गेलं. जग तेवढ्याने काही काळोखात बुडालं नाही. व्याही मात्र त्यानंतर ऊर्जा बाजाराचे धोके सांगताना युद्ध, वादळ आणि गॅसचे भाव झाले की जरा थांबून "आणि कवळी" असं म्हणतात. लोकांना तो काहीतरी नवा शास्त्रीय शब्द वाटतो आणि ते लिहून घेतात. मामांनी डॉक्टरकडे जाऊन कवळी घट्ट करून घेतली. स्टोअरकीपरच्या मेहुणीने नाव विचारलं, तेव्हा खणखणीत आवाजात सांगितलं.

पुढच्या मशीनची झडती आली, तेव्हा पोरं आधीच खुसखुसत होती. हत्यारांच्या फळ्यावर रात्रपाळीने एक नवी आकृती रंगवून ठेवली होती, वरच्या दातांची. मामांनी ती बघितली. सगळ्यांसमोर कवळी काढली, त्या आकृतीवर अडकवली आणि ट्रेजवळ येऊन उभे राहिले. त्या दिवशी कुणाला काही सांगावं लागलं नाही. एकाने कानातलं यंत्र काढलं, एकाने गळ्यातली चेन काढली.

मोठे साहेब आले. पेन टाकलं, घड्याळ टाकलं. मामांनी सवयीने नजर दुसरीकडे वळवली. साहेब हलले नाहीत. त्यांनी एकदा फळ्यावरच्या कवळीकडे बघितलं, एकदा मामांच्या बसलेल्या गालांकडे, आणि मग दोन्ही हातांनी टोप उचलून अगदी हळूच ट्रेमध्ये ठेवला.

अख्ख्या शेडमध्ये कुणी हसलं नाही. मामांनी टोपाखाली एक स्वच्छ फडकं अंथरलं आणि म्हणाले, "या साहेब, आत या."