पुरुषभर खोल
आमच्या बोझ-आदिर गावात माणसाला वाळीत टाकायचा ठराव कोणी करत नाही. लोक फक्त बोलायचं थांबतात. सेइलकान-एजेचं फाटक माझ्या खिडकीतून दिसायचं. दीड वर्ष त्या फाटकातून तिच्याशिवाय कोणी आत-बाहेर केलं नाही. मीही नाही, हे आधीच सांगून टाकते.

एजे म्हणजे थोरली बहीण. सगळं गाव तिला तेच म्हणे. साठी उलटलेली, पूर्वी पोस्टात होती. नवरा गेलेला, एकुलती मुलगी मॉस्कोत कपडे शिवायच्या कारखान्यात. आम्हा सात बायकांचं मंडळ तिनेच उभं केलं. नारिन शहरातल्या एका संस्थेने तिला शिकवलं होतं, की बाहेरून मदत आली म्हणजे नुसते आभार मानून बसू नये. जे यायचं होतं ते आलं का, टिकलं का हे बघावं आणि देणाऱ्याला खरं ते कळवावं. आम्ही माना डोलावल्या होत्या. माना डोलवायला काय जातं?

त्याच वर्षी परदेशी मदतीतून गावात नऊ नळ आले. उद्घाटनाला मेंढी कापली, फोटो निघाले. नोव्हेंबरात कडक थंडी पडली आणि नऊच्या नऊ नळ गोठले. आम्ही पुन्हा कावडी घेऊन नदीवर, बर्फ फोडायला. थेट मार्चपर्यंत. कागदोपत्री मात्र गावाला बारमाही पाणी होतं.

जमीन मऊ झाल्यावर एजेने पहार घेतली आणि गल्लीतल्या नळाशेजारी एकटीनेच खणलं. कागदावर पाइप पुरुषभर खोल होता, जिथे थंडी पोचत नाही. तिला तो मांडीइतक्या खोलीवर लागला. तिने शहरातल्या संस्थेमार्फत देणाऱ्यांना पत्र पाठवलं.

उत्तर आलं, ते असं: चौकशी होईपर्यंत आमच्याच पैशांतून चाललेलं गावाच्या बालवाडीचं बांधकामही थांबवत आहोत.

त्याच दिवशी आमचा गावप्रमुख ताश्तेमिर तिच्या फाटकाशी आला. मी कुंपणाच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते.

"एजे, एवढी तहान लागली होती तर सांगायचं! माझ्या गाडीतून दोन कॅन आणून टाकले असते."

"कॅन नको होते मला. नळाला पाणी हवं होतं."

"आता घ्या! पाणी नाही आणि बालवाडीही नाही. परक्यांसमोर गावाची लाज काढलीत तुम्ही."

"लाज मी नाही पुरली, ताश्तेमिर. मी फक्त खणलं."

तो धाडकन फाटक आपटून गेला. त्यानंतर मंडळातल्या बायका एकेक करून गळल्या. कोणाची सून बाळंत व्हायची होती, कोणाची कंबर दुखत होती. माझा नवरा ताश्तेमिरच्या कचेरीचा ट्रॅक्टर चालवायचा. "तिच्याकडे फिरकलीस तर मला घरी बसावं लागेल," तो म्हणाला. मी फिरकले नाही.

उन्हाळ्यात माझ्या नातवाला पाळण्यात घालायची मेजवानी केली. सगळ्या गल्लीला बोलावणं केलं आणि तिचं एक फाटक सोडून पुढे गेले. दोन्ही घरांत जेमतेम बारा पावलं. गाणी, हसणं, पातेल्यांचा आवाज, सगळं तिला आत ऐकू जात असणार. दुसऱ्या दिवशी ती रस्त्यात भेटली.

"बाळ कसंय गं?"

"बरंय," म्हटलं आणि चालू लागले.

दुसऱ्या हिवाळ्यात नळ पुन्हा गोठले. नदीवर आम्ही बायका सकाळी घोळक्याने जायचो. एजे आम्ही परतायची वाट बघायची आणि मग उतरायची. वर चढताना मी मागे वळून पाहिलं की पांढऱ्या नदीवर ती एकटी वाकलेली दिसायची. तिला कावड झेपत नव्हती. एकच बादली न्यायची.

जून महिन्यात देणाऱ्यांचा इंजिनियर आला, हेन्रिक नावाचा, ताडमाड उंच. शहरातल्या संस्थेची आयजारकिन दुभाषी म्हणून सोबत होती. पत्र दाबून टाकू नका, म्हणून याच संस्थेने वर्षभर देणाऱ्यांचा पिच्छा पुरवला होता, हे आम्हाला नंतर कळलं. गावच्या सभागृहात सगळे जमले. हिवाळ्यात पाणी कसं होतं, असं त्याने विचारलं.

आम्ही ताश्तेमिरकडे पाहिलं. "छान होतं," कोणीतरी म्हणालं.

एजे शेवटच्या रांगेत होती, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. ती उठली. "विचारता कशाला? खणून बघा."

"ही आधीच खणून ठेवते आणि तिथेच पाहुण्यांना नेते!" ताश्तेमिर हसला.

"मग मी सांगेन तिथे नका खणू. साहेबांना वाटेल तिथे खणा."

सगळे बाहेर आले आणि हेन्रिकने मशिदीच्या कोपऱ्यावरचा नळ दाखवला. गावातल्या दोघांनी फावडी चालवली. मांडीइतकंही खाली गेलं नसेल, तोच ठण्ण आवाज आला. हेन्रिकने आपला प्रश्न पुन्हा विचारला.

"मी नोव्हेंबर ते मार्च नदीवरून पाणी आणलं," मी म्हटलं. "दोन्ही हिवाळे."

नवऱ्याने मान खाली घातली. मागून मंडळातली तोक्तोबुबू म्हणाली, "मीपण." मग तिची जाऊ, मग आणखी कोणी.

पाइप घालणाऱ्या ठेकेदाराला सगळं पुन्हा खणावं लागलं. संस्थेने एक अट घातली: गावच्या बायकांनी खोली मोजल्याशिवाय एकही चर बुजवायचा नाही. सप्टेंबरभर एजे स्टुलावर चराच्या काठाला बसून होती. आम्हीही जायचो, पण तिच्याशी बोलणं कामापुरतंच. गोड बोलायला तोंड कुठून आणणार?

जानेवारीत उणे तीसमध्ये नळाला पाणी आलं. बालवाडीचं काम पुन्हा सुरू करतोय, असंही पत्र आलं. मेजवानीत ताश्तेमिरने देणाऱ्यांचे, ठेकेदाराचे, अगदी हवेचेसुद्धा आभार मानले. एजेचं नाव नाही. ती आलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले आणि ते घेऊन तिच्याकडे गेले.

"बस," ती म्हणाली.

"एजे, माझं चुकलं."

"हो."

एवढंच. मग तिने चहा ओतला. पाहुण्याने बसावं असं वाटलं तर आमच्यात पियाला अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरला की पिऊन निघायचं. तिने काठोकाठ भरला.

मी प्यायले आणि निघाले. पुढच्या गुरुवारी परत गेले. तेव्हाही काठोकाठ. आता मार्च लागलाय. दर गुरुवारी जाते, चहा पिते आणि परत येते. परवा तिने पहिल्यांदाच विचारलं, नातू बोलायला लागला का. मी म्हटलं, लागला. पुढच्या वेळी घेऊन येऊ का, असं विचारायचं होतं. पण पियाला संपला होता.