जागल्याला घरी पाठवणारा

रुख्मिणीनं शेवटचे तुरीचे सोले काढले त्या दिवशी ती पोटभर हसली होती. ते हसू आठवलं की गुंजनला रडू येत नाही, संताप येतो.

हिंगणीच्या घराचं अंगण, थंडीतलं ऊन, मायलेकींच्या मध्ये सोलायला ओल्या शेंगांचा ढीग. गुंजन वर्ध्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पीएचडी तिनं एका प्रोटीनवर केली. ते प्रोटीन करतं तरी काय, हे आईनं इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. गुंजननं जंगलाला लागून असलेल्या त्यांच्याच वावराचा दाखला दिला. रानडुकरांसाठी आपण मचाणावर जागल्या बसवतो ना, तसा प्रत्येक पेशीत एक असतो. पी-५३ त्याचं नाव. पेशीत बिघाड झाला की तो ओरडतो, तिची वाढ थांबवतो, बिघाड हाताबाहेर गेला तर ती पेशीच मारून टाकतो. आणि माझं प्रोटीन, एमडीएम-टू, त्या जागल्याला धरून घरी पाठवतं.

"मंग असल्याले ठेवता काऊन?" रुख्मिणीनं विचारलं.

ठेवावंच लागतं, गुंजन म्हणाली. जागल्या विनाकारण ओरडत राहिला तर चांगल्या पेशीही मरतील. सगळं ठीक असतं तेव्हा त्याला गप्प करणारं कोणी तरी हवंच. पण तेच प्रमाणाबाहेर वाढलं, की डुकरं वावरात शिरली तरी ओरडायला कोणी उरत नाही.

रुख्मिणीनं ओसरीकडे पाहिलं. तिथं मधुकरराव पेपर वाचत होते.

"म्हन्जे तुह्या बापावानी. हे कोनाले बोलू देते का घरात?" असं म्हणून ती इतकी हसली, की मधुकररावांनाही हसू आलं.

मग शेंग सोलता सोलता, मान वर न करता, तिनं विचारलं, "आन मले काय झालं व, गुंजन? तू तं शिकेल आहे."

ओसरीवरचा पेपर खाली आला. पित्ताशयाला सूज आहे, गुंजननं सांगितलं. रुख्मिणीचं समाधान झालं. मग जिजाकडे उन्हाळ्यातच जाते, म्हणाली. आता बहिणीला उगाच घोर कशाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला रक्ताची उलटी झाली आणि दिवेलागणीला ती गेली.

तिच्या छातीतली गाठ आधी काढली होती. घरात तिला दुधाची गाठ म्हणत. पुढं दुखणं यकृतात उतरलं. गोळ्यांना ताकदीच्या गोळ्या म्हणत. डॉक्टरांनी खरं नाव बापलेकींनाच सांगितलं आणि वर बजावलं, बहीण असेल तर तिची तपासणी करून घ्या. दवाखान्याचा जिना उतरतानाच मधुकररावांनी लेकीला शपथ घातली.

"तुले तुह्या आईची शपथ. तिले सांगाचं नाई. आन जिजाले तं नाईच, तिच्या पोटात काई राह्यत नाई."

वर्गात अंधश्रद्धेवर तासभर बोलणारी गुंजन त्या शपथेपुढं अडली. शपथ मोडली आणि आईचं काही झालं तर? शपथ सुटली म्हणा, असं ती बापाला पुन्हा पुन्हा विनवत राहिली. ते म्हणायचे, पुढं पाहू.

तेरवीला घर माणसांनी भरलं. थोरले काका महादेवराव पंगतीत सांगत होते, सवाष्ण गेली, नशीबवान बाई, मनाला घोर नाही की काही नाही. वाढता वाढता गुंजननं डाव भांड्यात टाकला आणि ती आत वळली. घोर कुठून असणार? तिच्याच जिवाची खबर तिला कोणी दिली नव्हती. तिला कळलं असतं तर ती उन्हाळ्याची वाट पाहत बसली असती का? दुसऱ्याच दिवशी एसटीत बसून बहिणीकडे गेली असती.

स्वयंपाकघरात जिजा मावशी डाव्या हातानंच पाण्याचा गुंड उचलू पाहत होती. उजव्याला काय झालं, गुंजननं विचारलं.

"काई नाई व. काखेत बारकीशी गाठ हाये, दुखत बी नाई. भाऊजीले, तुह्या बापाले, सांगतलं मी. ते म्हनते दुधाची असन, रुख्मिणीले बी होती."

गुंजननं तिच्या हातून गुंड घेऊन खाली ठेवला. दारात मधुकरराव उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. लेकीचा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"आज नाई, गुंजन. पाव्हने हायेत. तुले आईची..."

त्यांनी पंगतीकडे नजर टाकली.

"आई कुठं आहे आता, बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही नाई म्हटलं, तं मीच म्हनते. सुटली शपथ."

तिचा आवाज चढला नव्हता, तरी ओसरीवरच्या पंगतीतल्या माना वळल्या. महादेवरावांचा घास हातातच राहिला. गुंजन मावशीकडे वळली.

"मावशी, उद्या सकाळी तू माह्यासंगं सेवाग्रामले चालजो. डॉक्टरले गाठ दाखवाची."

"काऊन व? दुधाचीच तं हाये."

"आईले कॅन्सर होता," गुंजन म्हणाली. "आम्ही तिले सांगतलं नाई. तुले सांगून राह्यली."