खिडकीतून टाकलेला पाय

वच्छलाबाई होत्या तोवर खुशालरावांना वाटायचे, अमरावतीहून अकोल्याच्या गाडीत जागा मिळतेच. गाडी फलाटाला लागली की वच्छलाबाई कोपरं पुढे करून गर्दीत शिरत, अपंगांच्या राखीव सीटवर बसत आणि शेजारच्या जागेवर पदर पसरत. कोणी काही विचारले की म्हणत, "मानूस येऊन राहिला." माणूस सावकाश येई. खुशालरावांचा डावा पाय गुडघ्याखाली नकली होता. खरा पाय तरुणपणी मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. बसची पहिली पायरी उंच, तिथे जरा वेळ लागे. वर पोचले की जागा तयार. वर्षानुवर्षे हे असेच चालल्यामुळे ही व्यवस्था सरकारने केली आहे असा त्यांचा समज झाला होता.

चैत्रात वच्छलाबाई गेल्या. तेरवी झाल्यावर मुलगी प्रणाली म्हणाली, "बाबा, आता माह्याजवळ अकोल्याले चला. इथं एकटे काय करता?"

"राह्यतो."

"अन् मले भेटावं वाटलं तर? गाडीत चढता येते का एकट्याले?"

"येते."

"येऊन दाखवा मंग. एकदा एकटे अकोल्याले या, मी पुन्हा बोलत नाई. नाई जमलं तर घराले कुलूप."

खुशालरावांना कुलूप नको होते. का नको, हे त्यांना सांगता येत नव्हते. प्रणालीच्या घरी सगळे चांगले होते, जावई भला माणूस. पण तिथे वच्छलाबाईंचे नाव कोणी काढत नसे. नाव काढले की बाबा रडतील असे त्यांना वाटे. अमरावतीत शेजारच्या पार्बताबाई रोज दारात येऊन विचारत, "वच्छलानं माही चायनी नेली होती, ती सापडली का?" चाळणी सापडली होती. खुशालरावांनी ती दिली नव्हती.

पहिल्या खेपेला त्यांनी रुमाल टाकला. खिडकीतून आत टाकलेला रुमाल म्हणजे आपल्याकडे सातबारा. पण ते पायऱ्या चढून वर आले तेव्हा त्यांच्या सातबाऱ्यावर एक गृहस्थ बसले होते. वर 'अपंगांसाठी राखीव' अशी पाटी होती, तिच्यावर कोणीतरी पिशवी अडकवली होती. खुशालरावांनी पाटी दाखवली. गृहस्थांनी त्यांना खालून वर पाहिले. पँट होती, बूट होते, दोन्ही पायांत मोजे होते.

"चांगले तर उभे आहात, काका," ते म्हणाले.

खुशालराव बडनेऱ्यापर्यंत उभे राहिले. तोवर नकली पायाच्या आत खऱ्या पायाचा खुंट सोलून निघाला. तिथे उतरून ते घरी परत आले आणि ही खेप त्यांनी कोणाला सांगितली नाही.

घरी बसून त्यांनी विचार केला. लोक रुमाल उचलतात, पिशवी उचलतात. पाय कोणी उचलणार नाही.

दुसऱ्या खेपेला अमरावतीच्या स्टँडवर बाकावर बसून त्यांनी नकली पायाचा पट्टा सोडला आणि पाय काढला. अकोल्यावरून बुलडाण्याला जाणारी गाडी लागली. काठीच्या आधाराने उड्या मारत ते राखीव सीटच्या खिडकीखाली गेले आणि पाय बुटासकट आत दिला. आत शिरलेल्या एका बाईने तो हातात घेतला, काय आहे ते पाहिले आणि पटकन सीटवर ठेवून दिला.

बेत बिनचूक निघाला. त्या सीटला कोणी हात लावला नाही. एकच गोष्ट राहून गेली होती. दार पुढे होते आणि तिथपर्यंत जायला खुशालरावांकडे पाय नव्हता. ते गर्दीच्या मागे पोचले तेव्हा दार लागले. दोनदा घंटी वाजली. गाडी गेली.

बाकावर अकोल्याचे गयासुद्दीन बसले होते. त्यांचे गाद्या भरण्याचे दुकान होते आणि ते माल बघायला अमरावतीला आले होते, आता परत निघाले होते. त्यांनी सगळे पाहिले होते.

"भाऊ, टांग गेली ना तुमची!"

"हो."

"अकोल्यात कोनी हाय का उतरवून घ्यायले?"

"पोरगी हाय."

"मंग फोन लावा तिले. नाई तं टांग सीधी बुलडाण्याले जाते."

खुशालरावांनी खिशातून फोन काढला. फोन केला तर कुलूप. नाही केला तर पाय बुलडाण्याला.

"काय विचार करून राहिले? बुलडाण्यात टांगेचं काय काम हाय?" गयासुद्दीन म्हणाले.

खुशालरावांनी फोन लावला.

"बाबा, निघाले का?" प्रणालीने विचारले.

"काही भाग निघाला."

"म्हंजे?"

"पाय पुढं गेला. मी मांगच्या गाडीनं येतो. राखीव सीटवर हाय, उतरवून घेशील."



"पाय म्हंजे... आपला पाय?"

"आपलाच. दुसऱ्याचा मी कायले पाठवू?"

"तुमी तिथंच बसा. मी गाडी करून येतो घ्यायले. हलू नका."

"येऊ नको. मी येतो," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. आणखी काही बोलले असते तर तिने यायचेच ठरवले असते.

पुढची गाडी लागली तशी गर्दी पुन्हा दाराकडे धावली. खुशालराव काठीवर एक एक उडी मारत निघाले. डाव्या बाजूची पँट रिकामी लोंबत होती. ती पाहून लोक बाजूला झाले. दाराशी पोचल्यावर दोघांनी त्यांच्या दंडाला धरले आणि दोन वेगवेगळ्या दिशांना ओढले.

"सोडा, बाप्पा. पाडान मले," खुशालराव म्हणाले.

त्यांनी काठी गयासुद्दीनच्या हातात दिली. दाराकडे पाठ करून ते पायरीवर बसले आणि हातांवर जोर देत एक एक पायरी मागे सरकत वर गेले. धोतर असते तर ही गोष्ट जमली नसती. राखीव सीटवरचा तरुण आपण होऊन उठला आणि शेजारच्यालाही त्याने उठवले. पाटी दाखवावी लागली नाही. अपंगत्वाचे कार्ड या खेपेला खिशात तयार होते, तेही कोणी मागितले नाही. पाय लावून आले की खुशालराव धडधाकट ठरत. अपंग ठरायला पाय घरी ठेवून यावे लागत होते. हे कोणाला तरी सांगितले पाहिजे असे त्यांना वाटले. पण कोणाला, ते सुचले नाही.

"आधी कोन राह्यत होतं संग?" शेजारी बसून गयासुद्दीननी विचारले.

"घरची. चैतात गेली."

 मूर्तिजापूरला गयासुद्दीननी फुटाणे घेतले आणि पुडी दोघांच्या मध्ये ठेवली.

अकोल्याला प्रणाली फलाटावर उभी होती. पाय ओढणीत गुंडाळून तिने काखेत धरला होता, बूट बाहेर दिसत होता. खुशालराव चढले होते तसेच बसून खाली उतरले. तिने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग गयासुद्दीनकडे.

"हे कोन?"

"मी काईच नाई केलं, बेटा. लकडी पकडली फक्त," गयासुद्दीन म्हणाले, काठी परत दिली आणि आपल्या वाटेने गेले.

खुशालराव बाकावर बसले. प्रणालीचे डोळे लाल झाले होते.

"कंडक्टर काय म्हने सांगू? अकोल्यापर्यंत दोन मानसं त्या सीटजवळ उभी होती. बसलं कोनी नाई. तिकीट कोनाचं काढायचं म्हून त्यानं सगळ्या गाडीले विचारलं."

"जागा पक्की होती म्हंजे."

"हसू नका, बाबा. लाज वाटली मले. आता बस झालं. कुलूप लावतो मी घराले."

"एकटे येऊन दाखवा म्हनली होती तू. आलो. माह्यासंग पायसुद्दा नव्हता."

प्रणाली हसली नाही. ती फलाटावरच खाली बसली, पाय खुंटाला लावला आणि पट्टा ओढू लागली. पट्ट्याचे छिद्र कोणते ते तिला माहीत नव्हते, तरी खुशालरावांनी सांगितले नाही.

"आईनं असं करू देलं असतं का तुमाले?" खाली मान घालूनच ती म्हणाली.

तेरवीनंतर तिने आईचे नाव पहिल्यांदाच काढले होते.

"नाई."

"तिच्यासमोर काढून पाहाचा होता पाय. तोच पाय तिनं तुमच्या डोक्यात हानला असता."

"हानला असता," खुशालराव म्हणाले. "अन् वरून म्हनली असती, बूट कायले खराब केला."

तिने नाक ओढले. खुशालराव रडले नाहीत.  बाजूने बुलडाण्याच्या गाडीचा पुकारा झाला आणि लोक रुमाल काढून धावले.

"मी उद्या परत जातो," खुशालराव म्हणाले.

तिने पट्टा बसवला, ओढून पाहिला.

"घट्ट झाला का?"

"नाई. बरोबर हाय."

"परवा जा," ती म्हणाली. "उद्या शनिवार हाय. गर्दी राह्यते."