वाढत्या अंगाचा माउस

माझ्या धाकट्या बहिणीचं काम म्हणजे समुद्राचा तळ मोजणं. जहाजावर बसून ती पाण्याखालच्या डोंगरदऱ्यांचे नकाशे काढते, आणि एकदा गेली की वर्ष वर्ष परत येत नाही. या खेपेला तिची मुलगी माझ्याकडे ठेवून गेली. तिला आम्ही गुंडी म्हणतो, कारण चौथं वर्ष लागलं तरी तेवढीच दिसते. मी घरी कपडे शिवते. माझा राग नाकावर असतो असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. गुंडी मात्र त्याच नाकावर बोट ठेवून खुशाल झोपते.

जहाजावरच्या इंटरनेटबद्दल तर बोलायलाच नको. चेहरा दिसत नाही, आवाज तुटतो. धड येते ती फक्त रेघ. कॉम्प्युटरवर आम्हा तिघींचं मिळून एक पान आहे, लांबच लांब, खाली खाली जाणारं. बहिणीची रेघ निळी, आमची लाल. संध्याकाळी ती पानाच्या पार तळाशी डोंगर काढते, मासे काढते, आणि आम्ही वरच्या टोकाला असतो. शिलाई मशीन थांबलेलं असतं, खिडकीतल्या उजेडात दोऱ्यांची बारीक कुसं तरंगत असतात, आणि ती निळी रेघ मुंगीच्या पावलांनी उमटत राहते. आई पानाच्या तळाशीच राहते असं गुंडीला वाटतं. हल्ली मलाही तसंच वाटायला लागलं होतं. दुपारी जरा डोळा लागला की मी टेप घेऊन समुद्राच्या तळावर चालत असायची, आणि एकाही डोंगराचं माप जमायचं नाही.

आमच्याकडचा माउस मोठ्या माणसाच्या हाताचा. गुंडीने तळवा ठेवला की तिची बोटं बटणापर्यंत पोचायचीच नाहीत. मग मी तिच्या हातावर माझा हात ठेवायची आणि दोघी मिळून घर काढायचो, झाड काढायचो. तिची ऊबदार मूठ माझ्या मुठीत, तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली. दिवसभरातलं माझं सगळ्यात लाडकं काम होतं ते, सांगून टाकते.

एका संध्याकाळी बहिणीचा तुटका आवाज आला. "ताई, चित्रं छान आहेत गं. पण ती तुझी आहेत."

"काहीतरीच काय! माउस तिच्याच हातात असतो."

"तुझी रेघ मी लहानपणापासून बघतेय. कोपऱ्यावर थांबते आणि कापड कापल्यासारखी वळते. मला तिची रेघ बघायचीय. वाकडी असली तरी चालेल." मग बराच वेळ नुसती खरखर. आणि म्हणाली, "मी परत येईन तेव्हा ती मला ओळखेल ना गं?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पोर मी सांभाळायची आणि वर हे ऐकून घ्यायचं! भांडी जरा जास्तच आपटून घासली त्या दिवशी. मग राग ओसरला. ती बोलली त्यात चूक काय होतं? आई तळाशी बसून वाट बघत होती आणि गुंडी तिच्याकडे एकदाही एकटी गेली नव्हती. बहीण महिन्याभरात येणार होती. तोपर्यंत हे व्हायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी माउस आणायला निघाले. गुंडीच्या तळव्याचं माप टेपने नीट घेतलं, आणि दुकानात गेल्यावर सवयीने माझा घात केला. लहान मुलांचे कपडे मी जन्मभर वाढत्या अंगाचे शिवत आलेय. माउसही तसाच घेतला, जरासा मोठा, म्हणजे पुढच्या वर्षी पण होईल.

"मुलांना काय हो, कुठलाही चालतो," दुकानदार म्हणाला. मीही मान डोलावली.

घरी येऊन बघते तर बोटं अजून अधांतरीच! फ्रॉकची बाही दुमडता येते, माउसची काय दुमडणार? आणि माझ्या बहिणीला मुलगी आत्ता हवी होती, पुढच्या वर्षी नव्हे. कपाळाला हात लावला आणि तो बदलून अगदी चिमुकला माउस आणला.

तो मुठीत छान बसला. "आता जा खाली, आईकडे," मी म्हटलं. गुंडी निघाली. माउस स्वतःकडे ओढत ओढत टेबलाच्या कडेपर्यंत आणला. टेबल संपलं, ही थांबली नाही. तो तिच्या पोटावरून मांडीवर आला, मग स्वतःच खुर्चीवरून उतरून ती जमिनीवर बसली आणि फरशीवरून माउस सरकवत राहिली. पडद्यावरचा बाण केव्हाच थांबला होता.

"अगं बाई, उचलून परत वर ठेव आणि पुन्हा ओढ!"

"वर कशाला? आई खाली आहे ना?"

कप्पाळ माझं! तेवढ्यात वायर कीबोर्डात अडकली आणि कीबोर्ड धाडकन खाली आला. गुंडी दचकून पडद्याकडे बघत म्हणाली, "आईला लागलं?" मी तिला उचलून घट्ट धरलं. पानाच्या तळाशी तिच्या आईचा निळा ठिपका वाट बघत थांबला होता.

तिसऱ्या वेळी गुंडीलाच दुकानात नेलं. मला बघून दुकानदाराने हात जोडले.

"बाई, आता काय राहिलं?"

"जिचं माप आहे तीच आलीय. तिलाच विचारा."

त्याने हसत हसत आतून एक ठोकळा आणला. मध्ये मोसंबीएवढा पिवळा गोळा, दोन्ही बाजूंना मोठी बटणं. "हा ट्रॅकबॉल. हा जागचा हलत नाही, नुसता गोळा फिरवायचा." गोळा निघून तोंडात तर जाणार नाही ना, हे मी आधी ओढून, दाबून बघितलं. मग गुंडीने त्यावर तळवा ठेवला. दुकानातल्या पडद्यावर बाण सरकायला लागला. ती गोळा फिरवत राहिली, फिरवतच राहिली. कड नाही, उचलणं नाही, संपणं नाही. तिचे डोळे झोप यायच्या आधी होतात तसे झाले. दुकानदार आणि मी, भांडायचं सोडून दोघं तिच्या हाताकडे बघत उभे.

संध्याकाळी गुंडी टेबलाशी बसली. डाव्या हाताने बटण दाबून धरलं आणि उजव्या हाताने गोळा फिरवायला लागली. लाल रेघ थरथरत निघाली. आमच्या नीटस घराच्या भिंतीतून आरपार गेली, झाडाला खेटून गेली, एकदा भलतीकडेच भरकटली. ती सरळ करायला माझा हात आपोआप पुढे झाला आणि तिच्या हातावर जाऊन बसला.

"मावशी, हात काढ," गुंडी म्हणाली. "मी जातेय ना."

मी हात काढला. रेघ खाली जात राहिली. पान सरकत होतं, निळे मासे वर येत होते, मग डोंगर आले, आणि त्यांच्याही खाली निळा ठिपका. रेघ त्याला जाऊन टेकली आणि गुंडीने बटण सोडलं.

"आई, मी आले," ती म्हणाली.

पलीकडे सामसूम. आमची रेघ तिकडे उशिरा पोचते. आम्ही दोघी त्या ठिपक्याकडे बघत बसलो. मग निळा ठिपका हलला, गुंडीच्या रेघेभोवती फिरायला लागला, पुन्हा पुन्हा फिरला, आणि बहिणीचा रडवेला आवाज आला.

"ताई, तुझा हात नाहीये ना?"

"नाहीये गं," मी म्हटलं, आणि दोन्ही हात वर करून दाखवले, तिला दिसणार नव्हते तरी. मग ते खाली कुठे ठेवायचे तेच मला कळेना.