दोन दांड्यांचं मशीन

दांड्याच्या टोकाची काळी रबरी मूठ अजून कोरी होती, तिच्यावर साच्याची बारीक रेघ राहिली होती, आणि हनुमंत ती रेघ नखाने उगाच खरवडत उभा होता — मान वर केली असती तर शेजारी त्याच्या वखारीत लाकूड फोडणारे गेणबामामा होते, आणि त्यांचा डावा हात बघायची त्याची तयारी नव्हती. अकरा महिने तो त्या हाताकडे न बघता त्या माणसाशी बोलत आला होता. अंगठा आणि करंगळी, मध्ये काही नाही... पुरे.

शिरूरला पोपटरावांच्या शेडमध्ये लाकूड फोडायची दोन मशिनं विकायला शेजारी शेजारी मांडलेली होती. एक पायाच्या पट्टीवर चालणारं; पट्टी दाबली की पाचर सुटली, ओंडका दोन सेकंदांत उभा चिरला, हात दोन्ही मोकळे. दुसरं तेलाच्या दाबावरचं, जाडजूड, सावकाश. दोन्ही हातांनी दोन्ही दांडे दाबून धरले तरच पाचर पुढे सरकणार, एक जरी सुटला तरी जागच्या जागी थांबणार. पोपटराव दोन्हींचं सारख्याच मायेने कौतुक करत होते. हे झटपट, ते नातवापर्यंत टिकणारं. हनुमंतच्या कासुर्डीच्या वखारीला झटपटच हवं होतं, हायवेवरचे ढाबेवाले काय किंवा लग्नाचे आचारी काय, सगळ्यांना लाकूड कालच हवं असतं.

वखारीतलं आधीचं मशीनही दोन दांड्यांचंच होतं. गेल्या लग्नसराईत एका आचाऱ्याचा टेम्पो दारात येऊन हॉर्न वाजवत होता, तेव्हा हनुमंतने जुन्या ट्यूबची पट्टी कापून डावा दांडा दाबलेलाच आवळून टाकला होता, म्हणजे मामांनी एका हाताने मशीन चालवावं आणि दुसऱ्याने ओंडका फिरवावा. बरं दिसत न्हाई शेठ हे, असं मामा म्हणाले होते. आजचा दिवस, असं तो म्हणाला होता. आजचा दिवस! एवढंच असतं तरी माणूस आहे, चुकतो, म्हणून त्याने कधीतरी स्वतःला समजावलं असतं. पण दौंडच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर मामांच्या बायकोने, धुरपदाबाईंनी, कसं झालं वो हे, असं विचारलं — मामा आत भुलीखाली होते — आणि त्याच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं, की दांडा मामांनीच बांधला, मी नको नको म्हणत होतो. पहिलं वाक्य भीतीने आलं असेल. दुसरं कशाला? कुणी मागितलं होतं ते दुसरं?

तेव्हापासून तो कधी त्यांच्या घरी गेला की ती बाई त्याच्यापुढे चहा ठेवायची आणि वर त्याचीच माफी मागायची. ह्यांला अक्कल कवा येनार, तुम्ही सांगत व्हता तरी ऐकलं न्हाई. मामा तेव्हा अंगणात शेळीला पाला घालत असायचे. त्यांच्या कानावर हे जातं की नाही, जात असेल तर ते काय समजतात, हे विचारायची छाती हनुमंतला झाली नव्हती.

आज सांगायचं, मशीन घ्यायच्या आधी सांगायचं, असं ठरवूनच त्याने मामांना पिकअपमध्ये बसवलं होतं. चौफुल्याला सांगू. चौफुला गेला. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली तेव्हा तर निवांत वेळ होता, पण मामा लहानपणीचं सांगत होते, मेंढरांमागं फिरताना बाभळीच्या फांद्या कशा पाडायचो ते, आणि इतकं खुशीत सांगत होते की मध्ये तोंड घालवेना... खोटं. मध्ये तोंड घालवेना हेसुद्धा खोटं, मला निमित्त हवं होतं, आणि न्हावरा कधी मागे पडला ते मी बघितलंच नाही.

पिकअपमधून आणलेली गाठाळ बाभूळ मामांनी स्वतः निवडली. उजव्या हाताच्या बोटांनी ठोकून बघितलं, गाठ पाचरेच्या आड येणार नाही असा ओंडका वळवून ठेवला, आणि पायाची पट्टी दाबली. काड्कन तुकडे झाले. हनुमंतची नजर त्यांच्या धड हातावरून हलत नव्हती. तो हात पाचरेच्या किती जवळ होता, आणि पाचरेला थांबायचं कुठे कळत होतं! मग मामा दुसऱ्या मशीनपाशी आले. उजवा दांडा दाबला. डाव्यावरून करंगळी निसटली. पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी कोपराने रेटून बघितलं, अंग पार वाकडं झालं, पाचर वीतभर सरकून थांबली.

"हे आपल्या कामाचं न्हाई," ते हसून म्हणाले.

हात वाचवणारं मशीन मामांना चालवता येणार नव्हतं आणि जे चालवता येत होतं ते उरलेला हातही कधीतरी खाणार होतं. तिसरं म्हणजे त्यांनी घरी बसायचं. ज्याने लाकडाशिवाय दुसरं काही केलं नाही त्याने त्या अंगणात बसून बायकोचं ऐकायचं. आणि ही तिन्ही दारं मीच लावून टाकली आहेत.

पोपटरावांची नजर मामांच्या हाताकडे गेली होती. "शेठ, दोन दांड्यांचं नेलं तर एक सांगतो, दांडा बांधायचा न्हाई. लोकं बांधत्यात." मग त्यांनी विचारलं, "हे तसंच झालं का? कुनी बांधला व्हता?"

आता. हनुमंतने तोंड उघडलं. शब्द होते, अकरा महिने घोळवलेले शब्द होते —

"मीच बांधला व्हता," मामा म्हणाले. "शेठ नको नको म्हनत व्हते."

हनुमंतने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. अगदी सरळ बघितलं. तिथे टोमणा नव्हता, उपकारही नव्हते. मामा बाहीवरचा भुसा झटकत होते. घरात रोज ऐकून ऐकून त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं का? की सगळं ठाऊक असून, धन्याची लाज परक्यापुढे जाऊ नये म्हणून...? कुठलं बरं, हेही त्याला ठरवता येईना. पहिलं असेल तर मी त्यांच्या नुसत्या हाताचे तुकडे नाही केले. दुसरं असेल तर मला यापुढे त्यांच्यासमोर उभं राहता येणार नाही.

बोल, अजूनही बोल, मामा इथंच उभे आहेत. तोंड उघडंच होतं, त्याने ते मिटलं. आणि मिटताच छातीवरचं काहीतरी सुटलं, श्वास खोल गेला, शेडबाहेरच्या गाड्यावर तळल्या जाणाऱ्या भज्यांचा वास आला. सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही गेलं नव्हतं, जाववत नव्हतं. पोपटराव विचारत होते, कुठलं बांधू गाडीत? मामा त्याच्याकडे बघत होते. आणि हनुमंतला सडकून भूक लागली होती.